प्रभुभोजनाच्या शांततेत शकुमावशी

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी, प्रभुभोजनाच्या आधी जी दोन मिनिटांची शांतता पाळतात त्या शांततेत, माझ्या मावशीने अख्ख्या मंडळीला सांगितलं की मी चर्चमध्ये नसून चहाच्या टपरीवर आहे. मावशी त्या वेळी सावनेरला, आपल्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी माझ्या वडिलांबद्दल सांगावं लागेल.

बाबा नागपुरात शाळामास्तर होते, आणि चर्चच्या फाटकातून आत शिरतानाही त्यांच्यातला मास्तर बाहेर थांबत नसे. देवाच्या घरात माणसाने स्वतःच्या घरातल्यासारखं वागू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. पण त्या एवढ्याशा म्हणण्यात पुष्कळ काही बसायचं. बूट शनिवारी संध्याकाळीच पॉलिश झालेले हवेत. (देव बूट पाहत नाही, असं मी लहानपणी एकदा म्हणालो होतो. "देव पाहत नसेल, मी पाहतो," असं उत्तर मिळालं.) केस फाटकाबाहेर विंचरायचे, आत नाही. पायावर पाय टाकून बसायचं नाही. घड्याळाकडे बघायचं नाही. खोकला आलाच तर गीत सुरू होईपर्यंत तो गळ्यात धरून ठेवायचा. मी सात-आठ वर्षांचा असताना आई मला गप्प ठेवायला पेपरमिंटची गोळी द्यायची, आणि तिचा कागद उघडायला आम्ही दोघं गीताच्या धृपदाची वाट बघत बसायचो. सगळ्यांचा आवाज चढला की आई कागद उघडायची. आजही ते धृपद लागलं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. लोकांना वाटतं, गाणं आवडतं.

आई सावनेरकडच्या शेतकरी घरातली, हिंदू. लग्न दोघांनी आपल्या मनाने केलं. माहेरच्यांनी बरीच वर्षं दार लावून घेतलं, फक्त धाकटी बहीण शकुंतला, म्हणजे आमची शकुमावशी, येत-जात राहिली. आई बाबांबरोबर चर्चमध्ये येऊ लागली आणि पुढे इथलीच झाली. सगळं शिकली, एक गोष्ट सोडून. तिला हळू बोलता येत नसे. शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारत वाढलेला गळा तो. ती कानात सांगायची तेव्हा मागच्या तीन बाकांना समजायचं. गीत म्हणायला लागली की पेटीवाला तिच्या मागून जायचा. आणि बाबा दर रविवारी, मान न वळवता, ओठ न हलवता म्हणायचे, "कमल, हळू."

पस्तीस वर्षं म्हणाले असतील. आई हळू झाली नाही. आठ वर्षांपूर्वी एकदम गप्पच झाली.

त्यानंतर बाबांचे कान गेले. एका दिवसात नाही, हळूहळू, दिवाणखान्यातून पाहुणे एकेक उठून जावेत तसे. पण बाबांनी ते मान्य करायला दोन वर्षं लावली. लोकांवर ढकलायचे. "आजकाल कोणी नीट बोलतच नाही." शेवटी मी त्यांना रामदासपेठेतल्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं आणि कानात घालायचं यंत्र घेतलं. ते यंत्र पुढच्याच रविवारी, पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करत असताना, शिट्टी वाजवायला लागलं. बारीक, लांब, कुकरची शिट्टी होण्याआधी वाजते तशी. सगळे बघायला लागले. ती शिट्टी ज्यांना ऐकू येत नव्हती असे एकटे बाबा होते, आणि सगळे आपल्याकडे का पाहताहेत हे त्यांना कळेना. माझ्या बायकोने, रूथने, खुणेनं कान दाखवला. बाबांनी यंत्र काढलं, रुमालात बांधलं, खिशात घातलं. घरी आल्यावर ते कपाटात गेलं. "देवाच्या घरात शिट्टी," एवढंच म्हणाले. यंत्र पुन्हा बाहेर आलं नाही.

फोनवर बोलणंही त्यांनी सोडून दिलं. फोन आला की हात हलवून माझ्याकडे द्यायला सांगायचे. वर मला ताकीद होती: "मला ऐकू येत नाही हे कोणाला सांगत बसू नकोस." जन्मभर वर्गातल्या शेवटच्या बाकावरचं कुजबुजणं ऐकलेला माणूस तो. मीही कोणाला सांगितलं नाही. आई गेल्यावर गुडघ्यांमुळे शकुमावशीचं येणं बंद झालं होतं, फोन तेवढा यायचा. तो आला की म्हणायचो, "बाबा झोपलेत." आठवड्यातून दोनदा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, केव्हाही. मावशीच्या हिशोबाने बाबा गेल्या काही वर्षांत उठलेच नसतील.

आता माझ्याबद्दल. हा भाग मी वगळला असता, पण रूथ हे वाचणार आहे.

चर्चच्या आवारभिंतीला लागून एक चहाची टपरी आहे. बाबा आईच्या वेळच्याच पुढच्या बाकावर खिडकीजवळ बसतात, आता पाळकसाहेबांचे ओठ दिसावेत म्हणून. मी मागे बसतो. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, अभ्यासू आहेत, मनाने फार चांगले आहेत, आणि त्यांचं प्रवचन लांब असतं. तर मी प्रवचनाच्या सुरुवातीला मागच्या दाराने निघायचो, चहा घ्यायचो आणि शेवटच्या गीताला परत यायचो. बाबा मागे वळून बघणार नाहीत याची खात्री होती. देवाच्या घरात मागे वळून बघू नये हा त्यांचाच नियम.

अडचण अशी की परतताना ऑटोत बाबा विचारायचे, "आज काय सांगितलं पाळकांनी?"

पहिल्या वेळी मी गडबडलो. मग आठवेल ते जुळवून सांगितलं, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन: एक माणूस असतो, त्याच्या विहिरीला पाणी असतं, तो झाकण लावून ठेवतो, उन्हाळ्यात उघडतो तर पाण्याला वास. बाबा बराच वेळ विचार करत बसले. म्हणाले, "चांगलं सांगितलं." पुढच्या रविवारी दुसरं काहीतरी. मग मला सवयच लागली. चहा पिता पिता मी प्रवचन रचायला लागलो. टपरीवाला विचारायचा, "भैया, आज किस पे?" खोटं कशाला सांगू, मला त्यात मजा येऊन राहिली होती.

मग एका रविवारी बाबा दारात पाळकसाहेबांचा हात हातात धरून म्हणाले, "तुमचं ते विहिरीचं प्रवचन माझ्या मनातून जात नाही."

पाळकसाहेब म्हणाले, "कोणतं, सर?"

बाबांना ते ऐकू आलं नाही. "फार छान," म्हणाले आणि ऑटोकडे गेले. पाळकसाहेब माझ्याकडे बघत राहिले. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. त्या बुटाला नाडी नव्हती.

त्या दिवशी मला लाज वाटली. म्हातारा माणूस आठवडाभर वाट बघून देवाचं वचन ऐकायला येतो, आणि मी त्याला टपरीवरचं काहीतरी बांधून देतो. मी ठरवलं, आता त्यांना खरं प्रवचन ऐकू यायलाच पाहिजे. (आता आपण आत बसायचं, असं मी ठरवलं नाही. हे रूथने नंतर लक्षात आणून दिलं.)

मी एक स्पीकर आणला. चाकं असलेला, दांडी ओढून नेता येतो असा. पाळकसाहेबांच्या कॉलरला बारीक माइक लावायचा आणि स्पीकर बाबांच्या बाकाशेजारी ठेवायचा. दुकानदाराने त्याचे बरेच गुण सांगितले: याला मोबाइल आपोआप जोडला जातो, याच्यातूनच फोनवर बोलता येतं, याचा स्वतःचा माइक आहे, गाणं लावलं की लाल-निळे दिवे नाचतात. मी फक्त दिवे ऐकले आणि घाबरलो. घरी आणून त्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली. शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये नेऊन माझा मोबाइल जोडून वाजवून पाहिला. उत्तम आवाज. मोबाइल खिशात टाकला आणि घरी आलो.

जोडलेला मोबाइल आपण विसरतो. स्पीकर विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा, मंडळीला भाकर आणि द्राक्षरस वाटण्याचा. बाबा स्पीकरशेजारी बसले. पाळकसाहेबांनी पहिलं वाक्य म्हटलं आणि बाबांची पाठ एकदम सरळ झाली. मला मागून दिसलं. किती तरी वर्षांनी कोणीतरी त्यांच्याशी बोलत होतं. माझा ऊर भरून आला, आणि त्या भरल्या उराने मी मागच्या दाराने टपरीवर गेलो.

प्रभुभोजनाच्या दिवशी प्रवचन लहान असतं. हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. मलाही माहीत असायला हवं होतं.

इथून पुढे आत काय झालं ते मला रूथने सांगितलं, शब्दन् शब्द, आणि तेव्हापासून ती ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगते.

पाळकसाहेब म्हणाले, "प्रभूच्या मेजाकडे येण्याआधी आपण प्रत्येक जण आपलं अंतःकरण तपासू या." सगळ्यांनी माना खाली घातल्या. पंख्यांचाही आवाज नाही, हिवाळा होता. आणि त्या शांततेत बाबांच्या शेजारी कोंबडा आरवला.

माझ्या मोबाइलची रिंग तशी आहे. सकाळचा अलार्म आणि रिंग मी एकच ठेवली आहे, सोयीचं पडतं.

मी टपरीवर फोन उचलला. "हॅलो, मावशी." फोनमध्ये काही नाही. "मावशी, आवाज नाही येऊन राहिला." काही नाही.

आत मात्र आवाज स्वच्छ येत होता. "काहून रे विजू, बोलून नाही राहिला? असाच मुका बसला का? आज इतवार हाय, तू त्या टपरीवरच असशील, मले ठाऊक हाय. झालं का तुमच्या पाळकाचं बोलनं? मागच्या इतवारी तं दोन चहा झाले तरी सरलं नव्हतं, तूच सांगितलं."

रूथ सांगते, पाळकसाहेबांनी डोळे उघडले नाहीत. फक्त कान लाल झाले.

मी फोन कापला. नेटवर्क गेलं असेल. मावशीने पुन्हा लावला. आत कोंबडा पुन्हा आरवला. (शास्त्रात कोंबडा दुसऱ्यांदा आरवतो तोवर शिष्याने प्रभूला तीनदा नाकारलेलं असतं; मी फक्त चहा घेतला होता. तेवढं तरी टळलं.) मी पुन्हा उचलला, पुन्हा शांतता. फोन झटकला, कानाला लावला, दुसऱ्या कानाला लावला. तेव्हा टपरीवाला म्हणाला, "भैया, तुम्हारी मौसी की आवाज तो अंदर से आ रही है."

मी ऐकलं. खरंच. मावशी फोनमधून येत नव्हती. ती भिंतीपलीकडून, चर्चच्या खिडकीतून येत होती.

मी ग्लास ठेवला की पाडला ते आठवत नाही. धावलो. धावताना फोन बंद करायला हवा होता, पण आधी आत पोचून मग बंद करू, असा काहीतरी मूर्खासारखा विचार डोक्यात होता. मागच्या दारात पोचलो तेव्हा मावशी म्हणत होती, "विजू, तू नाही बोलत तं भाऊजीले दे. भाऊजी? तुम्ही हाय का फोनवर? आवाज येऊन राहिला का?"

अंगठा लाल बटणावर होता. दाबणारच होतो.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून बाबा उठून उभे राहिले.

"येतो," बाबा म्हणाले. मोठ्याने. ज्यांना ऐकू येत नाही ते बोलतात तसं. "कोण?"

"मी शकू. सावनेरवरून."

 बाकाच्या पाठीवर हात ठेवून बाबा त्या काळ्या खोक्याकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना समजलं नाही. मग ते म्हणाले, "पुन्हा बोल."

"मी शकू बोलून राहिली, भाऊजी. तुमची साळी."

इथे एक गोष्ट सांगायची राहिली, कारण ती आमच्या घरात इतकी जुनी आहे की सांगायचं सुचत नाही. आईचा आणि शकुमावशीचा आवाज एक होता. लहानपणी दोघी स्वयंपाकघरात असल्या की हाक कोणी मारली ते मला ओळखू येत नसे. मला त्याची सवय होती, आठवड्यातून दोनदा ऐकत होतो. बाबांनी तो आवाज कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आणि आता तो त्यांच्या हाताच्या अंतरावरून येत होता, भरून, मोठा, ज्या बाकावर आई बसायची त्याच बाकाजवळ.

रूथ मला खुणावत होती: बंद करा, बंद करा. मला ते करता आलं नाही. अंगठा तसाच राहिला.

"मंग इतके दिवस काहून नाही बोलले माह्यासंगं?" मावशी विचारत होती. "फोन केला का पोट्टं सांगते, झोपले. मले वाटलं, बाई गेली, आता आपलं नातं सरलं."

"तसं नाही गं," बाबा म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

"मंग सांगाचं नाही का तसं?"

"लाज वाटत होती."

ही गोष्ट कोणालाही सांगायची नाही अशी मला ताकीद होती. ती त्यांनी स्वतः, उभं राहून, सगळ्या मंडळीसमोर सांगितली.  पाळकसाहेब हात जोडून मेजामागे उभे होते.

"घ्या," मावशी म्हणाली. "माह्या गुडघ्याचं मी अख्ख्या गावाले सांगत फिरते, मले नाही लाज वाटत." मग म्हणाली, "जेवन बरोबर जाते ना, भाऊजी?"

"जातं. तू बोल. काहीतरी बोल."

"काय बोलू आता?"

"काहीही. थांबू नकोस."

मावशीला असं सांगणं म्हणजे धरणाचं दार उघडणं. प्रभुभोजनाचं मेज पांढऱ्या वस्त्राने झाकलेलं, मंडळी माना खाली घालून बसलेली, आणि सावनेरची सगळी खबर आत येऊ लागली. यंदा तूर बरी हाय. गाय आटली. धाकट्या सुनेले दिवस गेले, पण अजून कोनाले सांगजा नका. (साठ-सत्तर लोकांनी मनातल्या मनात मान हलवली.) संत्री धाडली हायेत एसटीने, पोचली का? आणि ती वाक्यं संपताना आवाज जसा वर न्यायची, तसाच आई न्यायची. बाबा ऐकत होते. मान जरा कलती करून, डोळे मिटून. त्यांचा एक हात बाकाच्या पाठीवर, शेजारच्या रिकाम्या जागेपाशी होता.

"कमल, हळू" म्हणणाऱ्या माणसाने एकदाही तिला हळू म्हटलं नाही.

"आनखी एक," मावशी म्हणाली. "तुम्ही त्या मोठ्या शास्त्राच्या पुस्तकामागं संत्रा बर्फी लपवून ठेवता म्हने. ते बंद करा. शुगर हाय तुमाले."

बाबांनी डोळे उघडले. "हे कोणी सांगितलं?"

"विजूनं."

सगळ्या मंडळीने एकदम मागे वळून पाहिलं. देवाच्या घरात मागे वळून बघू नये हा नियम त्या दिवशी एकट्या बाबांनी पाळला. मी दारात, हातात फोन, शर्टावर चहा.

"लय घुमून राहिला आवाज," मावशीला आता शंका आली. "कुठं हाय तुम्ही?"

"चर्चमध्ये."

 मग अगदी वेगळ्या, बारीक आवाजात, जो आईलाही कधी जमला नव्हता: "म्हंजे मी देवाच्या घरात बोलून राहिली?"

"हो."

"माय वं. मंग माहा नमस्कार सांगा त्याले. ठेवते."

आणि तिने ठेवला.

बाबा तसेच उभे होते. मग त्यांना आपण कुठे आहोत ते आठवलं असावं. कोटाची बटणं चाचपली, पाळकसाहेबांकडे वळले आणि म्हणाले, "माफ करा. माझ्याकडून शांतता मोडली."

पाळकसाहेब मेजामागून खाली आले. बाबांच्या हाताला धरून त्यांना बसवलं आणि स्पीकरजवळ वाकून, त्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "सर, ती शांतता अंतःकरण तपासण्यासाठी होती. आमचं झालं. तुमच्या मुलाचं तर आम्ही सगळ्यांनी मिळून केलं."

चर्चमध्ये हसू नये. बाबांनी मला हे हजारदा सांगितलं आहे. पहिले हसले ते बाबा.

मग प्रभुभोजन झालं. मी रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहिलो. भाकर देताना पाळकसाहेब माझ्याकडे बघून काही वेगळं बोलले नाहीत, आणि त्याचं मला जास्त लागलं.

परतताना ऑटोत बाबांनी विचारलं, "ते विहिरीचं तूच रचलं होतंस ना?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन हो म्हणालो. माफी मागितली. टपरीचंही सांगितलं, जरी ते आता सावनेरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

 सिग्नल सुटल्यावर बाबा म्हणाले, "ठीक होतं. थोडं लांबलं होतं."

त्या आठवड्यात त्यांनी कपाटातून रुमालाची गाठ काढली आणि डॉक्टरांकडे जाऊन यंत्राची शिट्टी बंद करून आणली. ते कानात घालून पहिला फोन सावनेरला लावला. तेव्हापासून रोज सकाळी बोलतात. म्हणजे मावशी बोलते.

आणि महिनाभराने मावशी स्वतः आली. आईच्या आठवणीसाठी त्या रविवारी आमच्या कुटुंबाची उपकारस्तुतीची प्रार्थना होती आणि बाबांनी तिला निरोप धाडला होता. नऊवारीची घडी मोडून, डोक्यावर पदर घेऊन ती चर्चच्या पायऱ्यांपाशी आली आणि थांबली. वहाणा काढल्या. मग इकडे-तिकडे बघायला लागली.

"वहाना कुठं ठेवू?"

मी म्हणालो, "मावशी, घालून ये. इथे सगळे घालूनच जातात."

"देवाच्या घरात?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की टपरीचं कळल्यावरही पाळकसाहेबांनी तसं पाहिलं नव्हतं. ती तशीच अनवाणी उभी राहिली. लोक बाजूने बूट वाजवत आत जात होते. तिचा चेहरा ओशाळला. आपलं काही चुकतंय का, असा.

बाबा पायरीवर बसले. त्यांना वाकायला वेळ लागतो. शनिवारी संध्याकाळी पॉलिश केलेले बूट त्यांनी एकेक करून काढले आणि तिच्या वहाणांशेजारी नीट जोडून ठेवले. "चल," तिला म्हणाले. रूथनेही चपला काढल्या. मग तिघंही वळून माझ्याकडे बघायला लागली.

माझा नाइलाज झाला. म्हणजे मनात भक्ती नव्हती असं नाही. पण त्या सकाळी घाईत जे मोजे हाताला लागले ते घातले होते, आणि मोजे कोणाला दिसणार आहेत, असा माझा हिशोब होता.

पाळकसाहेबांनी आम्हाला पुढे बोलावलं. आम्ही चौघं मेजापुढच्या कठड्याशी गुडघे टेकून बसलो, पाठ सगळ्या मंडळीकडे, पायांचे तळवे वर. मावशीचे भेगा पडलेले तळवे, बाबांचे स्वच्छ पांढरे मोजे, रूथचे अनवाणी पाय, आणि माझ्या उजव्या मोज्यातून पूर्ण बाहेर आलेला अंगठा. पाळकसाहेबांनी आईचं नाव घेतलं. मावशी हुंदका दाबायला गेली आणि तिला तोही हळू जमला नाही. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझेही डोळे भरले होते, हे मी शपथेवर सांगतो. पण सबंध प्रार्थनाभर माझं अर्धं अंग तो अंगठा आत ओढण्यात गुंतलं होतं. बोटं आकसत होतो, टाच घासत होतो, एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर जात होतो.

उपासना संपल्यावर मागच्या बाकावरच्या एक आजी काठी टेकत माझ्यापर्यंत आल्या. माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "बेटा, मला लांबचं नीट दिसत नाही, पण तू प्रार्थनेत कसा थरथरत होतास ते दिसलं. अशी भक्ती आता बघायला मिळत नाही."

"देवाची कृपा," मी म्हणालो, आणि बूट घालायला पळालो.